सल्ला हवा: १९९८ची मारुती ८००, तळाचा पत्रा गंजून गेलाय, घरीच दुरुस्त करायचाय

खळ्यातली_गाडी
मंडळी, नमस्कार. आमच्याकडे १९९८ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली, वडिलांनी घेतलेली. इंजिन ठणठणीत, पहिल्या सेल्फला सुरू होते. पासिंग २०२८पर्यंत आहे. घर देवगड तालुक्यात, समुद्र जवळ, त्यामुळे खारं वारं बारमाही.

यंदा पावसानंतर आतलं मॅटिंग उचललं तर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पापुद्रे सुटलेला. स्क्रूड्रायव्हर नुसता टेकवला तर आरपार गेला. क्लचखाली हात जाईल एवढं भोक आहे, खालची जमीन दिसते. त्याच बाजूला दाराखालचा बॉक्स मागच्या चाकाकडून फुगलाय, दाबला की आतून भुगा पडतो. उजव्या फेंडरची खालची कडही गेलीय.

बजेट १२,००० रुपये. माझ्याकडे ४ इंची ग्राइंडर, ड्रिल मशीन आणि जॅक आहे. वेल्डिंग मशीन नाही. काम घरच्या खळ्यातच करायचंय. विचारायचं असं की वेल्डिंगच करावं लागेल की फायबर चालेल? प्राइमर कुठला? आणि असं काम कोणी घरी केलंय का?

गाडी विका असं कृपया सांगू नका, ती विकायची नाहीये.

ठाणेकर_निवांत
राग मानू नका, पण विका. मी झेनच्या मागे असाच लागलो होतो. तळ केला की दार, दार केलं की डिकी, संपतच नाही. शेवटी २०२१ साली वॅगनार घेतली आणि आता सुखात आहे. १२,००० त्या गाडीत घालण्यापेक्षा नव्या गाडीच्या डाऊन पेमेंटला लावा.

रेवदंडा_बोट
फायबर मारा. आमच्या होड्या बारा महिने खाऱ्या पाण्यात असतात, त्यांना गंज म्हणून माहीत नाही. काचतंतूची मॅट, रेझिन, हार्डनर घ्या, तीन थर द्या, विषय संपला. मी स्वतःच्या ओम्नीचा तळ असाच केलाय आणि दोन पावसाळे झाले तरी एक थेंब आत नाही. खर्च ३,०००च्या आत. वेल्डिंगवाल्यांच्या नादी लागू नका.

पत्राकाम_चिपळूण
मी याच धंद्यात आहे म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मारुती ८००ला जीपसारखी वेगळी चेसिस नसते. तळ, दाराखालचे बॉक्स, पुढचे एप्रन (इंजिनच्या बाजूचे आतले पत्रे), छताचे खांब हे सगळं मिळून गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे तुमच्या दोन जागा एकसारख्या नाहीत. पायाखालच्या भोकाला फायबर मारलं तर निदान पाणी तरी अडेल. पण दाराखालचा बॉक्स वजन पेलतो आणि बाजूने धडक बसली तर तोच आडवा येतो. त्याला फायबर किंवा लांबी (पुट्टी) भरली तर वरून गुळगुळीत दिसेल आणि आत काहीच नसेल. तो कापून नवीन पत्राच वेल्ड करायला हवा.

कापण्याआधी एक बघा. गाडी चारही चाकांवर उभी असताना दार उघडून बंद करा. दार खाली घासत असेल किंवा उचलून लावावं लागत असेल, तर बॉक्स वाकायला लागलाय. मग कापायच्या आधी खालून चांगला आधार द्यायचा आणि दार बंद ठेवून काम करायचं. दोन्ही बाजू एकदम कधीही कापायच्या नाहीत.

पत्रा २० गेजचा घ्या, साधा काळा, सीआर शीट म्हणून मिळतो. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा नको. त्यावर वेल्डिंग मारलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, नाकात गेला तर रात्री थंडी-ताप भरतो.

सदाशिव_पेठी
माझ्या ८००चं संपूर्ण रिस्टोरेशन मी पुण्यात करून घेतलं. बॉडी पूर्ण उघडून, सँडब्लास्टिंग (वाळूच्या झोताने गंज काढणं), इपॉक्सी प्राइमर, हार्डनर मिसळून मारायचा टू-के पेंट, नवीन रबरी बीडिंग, सगळं. ८५,००० गेले, पण गाडी आज शोरूममधून आल्यासारखी दिसते, सिग्नलला लोक थांबून विचारतात. करायचं तर नीट करा, नाहीतर करू नका. १२,०००त काही होत नाही.

खळ्यातली_गाडी
@पत्राकाम_चिपळूण, फार उपयोगी लिहिलंत. दार आत्ताच बघून आलो, अजिबात घासत नाही. @सदाशिव_पेठी, तुमची गाडी सुंदर झाली असणार यात शंका नाही, पण माझं बजेट १२,०००च आहे.

नाना_मालवणी
आधी पाणी खयसून येता तां बघ. पत्रो मागसून.

ड्रायव्हरच्या पायाखाली भोक म्हणजे बहुतेक वेळा पाणी खालून आलेलं नसतं, वरून येऊन साचलेलं असतं. ८००च्या पुढच्या काचेचं रबर वीस-पंचवीस वर्षांत कडक होतं, कोपऱ्यात चिरतं. पाणी डॅशबोर्डच्या मागून उतरतं आणि मॅटिंगखालच्या फोममध्ये मुरतं. वरून मॅट कोरडं लागतं, खाली फोम चार-चार महिने ओला असतो. दुसरी जागा वायपरखालची जाळी. तिथे आंब्याचा पालापाचोळा अडकला की पाणी बाहेर जायची वाट बंद.

एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने काचेच्या कडेने हळूहळू पाणी सोडायचं. कुठून उतरतं ते दिसेल. ते बंद केल्याशिवाय सोन्याचा पत्रा मारलास तरी पुढच्या गणपतीपर्यंत परत तेच.

चाकरमानी_दादर
नानांना +१. आणि फोम परत घालू नका. आम्ही फोम काढून नुसतं रबरी मॅट टाकलंय, आवाज थोडा वाढतो, पण उचलून बघता येतं.

रेवदंडा_बोट
वजन पेलायचं म्हणताय, तर आमच्या होडीवर सहा माणसं, इंजिन आणि जाळी असतात. फायबर पेलतं की! पत्राकामवाल्यांना पत्राच दिसणार.

पत्राकाम_चिपळूण
होडी पूर्ण फायबरची असते, तिचा आकारच ताकद देतो. इथे गंजलेल्या पत्र्याच्या कडेला फायबर चिकटवायचंय. पत्रा उन्हात तापतो, गाडी रस्त्यावर हादरते आणि कडेने चिकटवण सुटायला लागते. फटीतून ओल आत गेली की ती फायबरखालीच राहते. पहिल्या दोन वर्षांत कळत नाही, वर सगळं छानच दिसतं. तुमच्या ओम्नीच्या फायबरची कड एकदा खालून खिळ्याने टोकरून बघा, मनापासून सांगतोय.

सांगली_एक्सप्रेस_वे
एवढं कशाला? एम-सील भरा, वरून काळा पेंट. भोक बुजलं, काम झालं.

कोल्हापूरी_टॉर्क
रेड ऑक्साइड प्राइमर दोन हात मारा, वर ऑइल पेंट. आमच्या ट्रॅक्टर ट्रॉलीला वर्षानुवर्षं हेच करतो. आणि दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल फवारायचं. फुकटात होतं.

ठाणेकर_निवांत
रेड ऑक्साइडला +१. (विकायचं मत कायम आहे.)

रंगारी_नाशिक
रेड ऑक्साइडबद्दल थांबा जरा. ट्रॉलीचा पत्रा जाड असतो, वर्षाला थोडा खाल्ला गेला तरी कळत नाही. ८००चा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. एकाच डब्यातलं साधं रेड ऑक्साइड पाणी पूर्ण अडवत नाही, किनाऱ्यावर तर नाहीच. तिथे दोन डब्यांचा इपॉक्सी प्राइमर घ्या, बेस आणि हार्डनर मिसळून लावायचा. लिटरभर पुरतो.

जास्त महत्त्वाचं सांगतो. समुद्राकाठच्या गंजात मीठ असतं, पत्र्याला पडलेल्या बारीक खड्ड्यांत बसलेलं. नुसतं घासून रंग मारला तर ते मीठ रंगाखाली ओल खेचतं आणि काही महिन्यांत फोड येतात. म्हणून आधी वायर व्हीलने सैल गंज काढा, मग भरपूर गोड्या पाण्याने ब्रशने धुवा, उन्हात वाळवा, परत घासा. पत्रा चकाकला की त्याच दिवशी प्राइमर. रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी त्यावर तांबूस साय धरलेली असेल आणि पुन्हा घासायला लागेल.

रस्ट कन्व्हर्टर म्हणून बाटली मिळते, बहुतेक फॉस्फोरिक ॲसिडवर चालणारी. घट्ट बसलेल्या पातळ गंजावर ती चांगली. पापुद्र्यांवर ओतून उपयोग नाही, ते काढायलाच हवेत. बाटलीवर धुवायला सांगितलं असेल तर ॲसिड धुऊन काढल्याशिवाय इपॉक्सी लावू नका, धरणार नाही.

जळक्या ऑइलबद्दल माझा ठाम विरोध आहे. ते विहिरीच्या पाण्यात उतरतं, रबरी बुश खातं आणि नंतर कोणी वेल्डिंग करायला गेलं तर पेट घेतं.

कोल्हापूरी_टॉर्क
आमच्या आजोबांपासून ऑइल मारतात, कुठली विहीर खराब झाली नाही. पुस्तकी बोलणं वेगळं आणि अनुभव वेगळा.

चाकरमानी_दादर
अवांतर: ऑगस्ट २०२५पासून २० वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १०,००० झालीय, वर जीएसटी आणि आपल्याकडचा पर्यावरण कर. २०२८चा हिशेब आत्ताच डोक्यात ठेवा. इन्स्पेक्टर खालून तळ बघतात, तेव्हा बॉक्स पक्का असलेला बरा.

सदाशिव_पेठी
इपॉक्सीच. मी वर म्हटलंच होतं.

वायसर_जळगाव
मी घरी केलंय. माझ्या फियाटवर. दोन गोष्टी कोणी लिहिल्या नाहीत.

ग्राइंडरच्या ठिणग्या काचेवर उडाल्या की काचेत रुततात, मग कितीही पुसा, खडबडीतपणा जात नाही. सगळ्या काचांवर ओलं गोणपाट टाका. आणि चष्मा-मास्क लावल्याशिवाय वायर व्हील चालू करू नका. त्या व्हीलची तार सुटून माझ्या जाड जीनमधून मांडीत घुसली होती.

दुसरं, साध्या आर्क (रॉडवाल्या) मशीनने हा पत्रा जोडायला जाऊ नका. रॉड लागला की भोक, ते बुजवायला गेलं की शेजारी दुसरं भोक. ज्या वर्कशॉपने आधी माझ्या गाडीला तसं केलं त्यांनी शेवटी सगळं लांबीने झाकून दिलं आणि पैसे पूर्ण घेतले. सीओटू वेल्डिंगच (कार्बन डायऑक्साइडच्या आवरणात बारीक तारेने होणारं) हवं, तेही सलग नाही. एक टाका इथे, एक लांब तिथे, मधे पत्रा थंड होऊ द्यायचा.

पत्राकाम_चिपळूण
शंभर टक्के बरोबर. सीओटू, टाके मारून. शक्य असेल तर गाडी माझ्याकडे नको, पण कणकवलीपर्यंत न्या, तिथे सीओटूवाले मिळतील. आणि फेंडरवर वेळ घालवू नका, ८००चा पुढचा फेंडर बोल्टवर असतो, सुटा मिळतो. जुना काढा, नवा लावा.

खळ्यातली_गाडी
सगळ्यांचे आभार, बरंच शिकायला मिळालं. आज रविवार होता, नानांनी सांगितल्याप्रमाणे बायकोने पाइप धरला आणि मी आत टॉर्च घेऊन बसलो. काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून पाणी आलं, अगदी धारेने, आणि ब्रेक पेडलच्या वरून थेट त्या भोकाच्या जागी उतरलं. रबर आणि नवा फेंडर दोन्ही मागवले.

आता ठरवलंय ते सांगतो. गावात एक गॅस वेल्डिंगवाले (गॅसच्या ज्योतीने जोडणारे) काका आहेत, पूर्वी एसटी आणि ट्रकच्या केबिनचं पत्राकाम केलेले, आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. ते सिलिंडर घेऊन खळ्यात यायला तयार आहेत. मजुरी आणि गॅस धरून ५,५०० सांगितलेत. बॉक्सचा गंजलेला भाग आणि पायाखालचा तुकडा, दोन्ही कापून त्यांच्याकडूनच जोडून घेणार. कापणं, घासणं, धुणं, इपॉक्सी हे मी करणार. लांबी अजिबात लावणार नाही आणि रंग जुळवणार नाही. बॉक्सला बाहेरून काळं कोटिंग देऊन ते तसंच दिसू देणार, म्हणजे परत गंज आला तर लगेच कळेल.

वायसर_जळगाव
गॅस नको रे! एवढ्या पातळ पत्र्याला गॅसची उष्णता पसरते, पत्रा लाटा धरतो. सीओटूसाठी थांबा.

सदाशिव_पेठी
आणि बाहेरून काळं? पांढऱ्या गाडीला? अजून एकदा विचार करा, गाडीची शान जाईल.

खळ्यातली_गाडी
लाटा धरल्या तर तळाला धरतील, तो कोणाला दिसत नाही. बॉक्सवर काका छोटे टाके घेऊन ओल्या फडक्याने थंड करत जाणार आहेत, त्यांनी जुन्या पत्र्यावर करून दाखवलं. कणकवलीला न्यायची तर भोक पडलेल्या तळाने गाडी घाटरस्त्याने चालवायला मला नको वाटतं. सीओटू चांगलं हे मान्य आहे, तरी मी गॅसनेच करणार.

पत्राकाम_चिपळूण
मला सीओटूच आवडलं असतं. पण हात बसलेला माणूस असेल तर गॅसनेही होतं, पूर्वी सगळी गॅरेजं तेच करत होती. मग एवढं नक्की करा. बॅटरी काढून घराबाहेर ठेवा. पुढच्या सीट, मॅटिंग, फोम सगळं बाहेर. तळावर चिकटवलेली डांबरासारखी आवाजबंद पट्टी असते, ती खरवडून काढा, गॅसला लगेच पेटते. पेट्रोलची टाकी मागे असली तरी तिची नळी तळाखालून पुढे इंजिनपर्यंत येते, ती कापण्याच्या जागेजवळून जात असेल तर टाकी रिकामी करून नळी सोडवा, नुसती बाजूला वाकवून ठेवू नका. दोन बादल्या पाणी, वाळू आणि एक माणूस फक्त बघायला. काम संपल्यावर अर्धा तास गाडीजवळून हलू नका, आत धुमसत राहिलेलं नंतर पेटतं.

बॉक्स बंद झाल्यावर आतला रंग जळालेला असणार. थंड झाला की वरच्या भोकातून आत मेणाचा स्प्रे लांब नळीने मारा, कॅव्हिटी वॅक्स म्हणून ऑनलाइन मिळतो. आणि बॉक्सच्या खालची पाणी जायची भोकं काकांनी बुजवली नाहीत ना ते बघा, वेल्डिंगवाले हमखास बुजवतात.

खळ्यातली_गाडी
नळी सोडवायचं डोक्यातच नव्हतं. टाकीत चार-पाच लिटर आहे, उद्या काढतो. वॅक्सची नळी किती लांब लागेल?

पत्राकाम_चिपळूण
दोन फुटी चालेल. पुढून एकदा, मागून एकदा.

ठाणेकर_निवांत
झाल्यावर फोटो टाका. तळाचे सुद्धा.