वॉरंटी आणि गॅरंटी : इंग्रजांनी दोनदा उचललेले फ्रेंच शब्द

प्रश्न : 'गॅरंटी' म्हणजे वस्तू बदलून मिळणार, 'वॉरंटी' म्हणजे दुरुस्त करून, असा फरक आपल्याकडे सर्रास करतात. मूळ शब्द वेगळे आहेत की एकच? एकच असेल तर 'व'चा 'ग' कसा झाला?

— मूळ एकच. 1066 साली इंग्लंड जिंकणारे नॉर्मन पॅरिसची फ्रेंच बोलत नव्हते, त्यांची बोली उत्तरेकडची. जर्मानिक (जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या) भाषांतून आलेल्या शब्दांचा आरंभीचा 'व' तिच्यात टिकला, पॅरिसकडे त्याचा 'ग' झाला. इंग्रजांनी आधी नॉर्मन रूप घेतलं. 1154 मध्ये फ्रान्समधल्या आंजूचा दुसरा हेन्री गादीवर आला, पुढे मध्य फ्रान्सच्या फ्रेंचचं वजन वाढलं आणि तेच शब्द 'ग' घेऊन पुन्हा इंग्रजीत शिरले. वॉर्डन आणि गार्डियन हे असेच भाऊ. विल्यमला फ्रान्समध्ये आजही ग्योम म्हणतात.

'वॉरंटी' जमिनीच्या कायद्यातून आली : जमीन देणाऱ्याने घेणाऱ्याचा हक्क राखायची हमी. 'गॅरंटी' बरीच नंतरची, 17व्या शतकातली.

— कायद्याच्या बाजूने थोडी भर. दुकानातला तो फरक कायद्यात कुठेही नाही. आपल्या 1930 च्या मालविक्री कायद्यात (कलम 12) 'वॉरंटी' ही करारातली दुय्यम अट आहे. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. 1872 च्या करार कायद्यात (कलम 126) 'गॅरंटी' म्हणजे तिसऱ्याने देणं बुडवलं तर ते फेडायचा करार. त्यात धनको, ऋणको आणि जामीन असे तिघे येतात. त्यामुळे बँकेच्या कागदावरच्या 'गॅरंटी'चा अर्थ दुकानातल्या गॅरंटीवरून लावणं धोक्याचं. वस्तूच्या कार्डावर कुठलाही शब्द असो, खालच्या अटीच वाचाव्यात.

— शब्दांची ही उधारी कधीची हे ओळखायची आणखी एक खूण आहे. जुन्या फ्रेंचमधला 'च' पुढे फ्रान्समध्ये 'श' झाला. त्याआधी आलेल्या शब्दांत इंग्रजीने 'च' राखला : चेअर, चीफ. नंतरच्यांत 'श' : शॅम्पेन, शेफ. चीफ आणि शेफ हा मुळात एकच शब्द, आणि मराठीनेही दोन्ही घेतले! गावांच्या नावांत तर इंग्रजांनी फ्रेंच पार पचवली. हॅम्पशायरमधलं 'सुंदर जागा' अशा अर्थाचं फ्रेंच नाव आज 'ब्यूली' असं उच्चारतात.

प्रश्न : मग 'मटण'? गुरं राखणारे इंग्रज आणि मांस खाणारे नॉर्मन, म्हणून प्राण्याचं नाव इंग्रजी आणि मांसाचं फ्रेंच, हे खरं का?

— अर्धंच खरं. ही मांडणी वॉल्टर स्कॉटच्या 1819 च्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरीमुळे लोकांच्या डोक्यात पक्की बसली. पण मध्ययुगीन इंग्रजीत 'मटन' जिवंत मेंढीलाही म्हणत; फ्रेंचमध्ये 'मूतों' आजही मेंढी आणि तिचं मांस दोन्ही. ताटातला शब्द गोठ्यातल्या शब्दापासून नीट वेगळा व्हायला नॉर्मनांनंतर कित्येक शतकं गेली. आपल्याकडे मटण बहुधा बोकडाचं, तो पुढचा बदल इथला.

— एक सावधगिरी : 'व'चा नियम प्रत्येक शब्दाला लावू नये. 'वॉर' नॉर्मन आहे (फ्रेंच 'गेर'), पण 'वॉटर' अस्सल इंग्रजी. 'वॉर्ड'मध्ये इंग्रजी आणि नॉर्मन दोन्ही मुळं मिसळली आहेत. फ्रेंचमध्ये 'ग'चं जोडरूप सापडलं तरच नॉर्मन म्हणावं.