हायरिंग थंड आहे, पायलटची नोकरी सोडू का?

निफाडकर:
ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर म्हणजे को-पायलट आहे, उड्डाणाचे १२४० तास झालेत, बेस (जिथून ड्युटी सुरू होते ते शहर) दिल्ली. मार्चमध्ये बाबांना पॅरालिसिसचा झटका आला, उजवा हात अजून उचलत नाही, मागच्या सुट्टीत आई त्यांना बशीतून चहा पाजत होती ते बघितलं आणि त्याच रात्री ठरवलं की बस झालं. मुंबई बेस मागितला तर वेटिंग. दुसरीकडे अर्ज केले तर उत्तर एकच, कॅप्टन असाल तर बोला. आणि को-पायलटची नोटीस सहा महिन्यांची, म्हणजे हातात काही नसतानाच पेपर (राजीनामा) टाकायचा. टाकू का?

कॅप्टन नागपूर:
नको टाकूस. एटीपीएलला, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या लायसन्सला, १५०० तास लागतात, तुला २६० कमी, महिन्याला ६५ धरले तर चार महिन्यांचा प्रश्न आहे रे. आत्ता बाहेर पडलास आणि ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग झाली नाहीत की करन्सी, म्हणजे प्रवासी घेऊन उडायची चालू पात्रता, गेली, मग सिम्युलेटरचा खर्च खिशातून, आणि परत कुठे लागलास तरी सिनिऑरिटी तळापासून. माझी पहिली कंपनी बुडाली तेव्हा अकरा महिने घरी होतो, लॉगबुक कपाटातून काढवत नव्हतं.

बारामतीची इन्स्ट्रक्टर:
सर, तुमचं गणित बरोबर पण उत्तर उलटं निघतंय. नोटीसच सहा महिन्यांची आहे ना, मग त्यातच १५०० होतात की! आणि धरून बसलं म्हणजे सेफ असं कुठाय, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये, धरून बसलेले सगळे एकाच दिवशी रस्त्यावर आले. मी आई आजारी असताना थांबले होते, रोस्टरमधल्या (वेळापत्रकातल्या) ड्युट्या संपवून पोचले तेव्हा उशीर झाला होता. ते तास मला कोणी परत दिले नाहीत.

कॅप्टन नागपूर:
आईबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण नोटीसमधल्या माणसाला ६५ तास मिळतील हे गृहीत धरू नका. नियमात आहे की नोटीसमध्ये पायलटने ड्युटी नाकारायची नाही आणि कंपनीनेही त्याचे हक्क काढायचे नाहीत, तरी माझ्या मित्राच्या रोस्टरवर त्या काळात नुसतं स्टँडबाय स्टँडबाय होतं, म्हणजे बोलावतील म्हणून तयार बसायचं, उडायचं नाही, तो १४०० च्या आसपासच अडकला. निफाडकर, हप्ता किती आहे ते सांग आधी.

निफाडकर:
महिन्याला ७८ हजार, सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) आणि टाइप रेटिंग (ए३२० चं खास ट्रेनिंग) यांच्या कर्जाचे मिळून, अजून सहा वर्षं. शेत तारण आहे, म्हणूनच झोप लागत नाही. दोघांचंही वाचून एवढं ठरवलंय की सोमवारी बेस मॅनेजरला भेटून दोन महिने बिनपगारी सुट्टी मागतो, दोनच, म्हणजे ९० दिवसांच्या आत परत उडता येईल. नाही दिली तर पेपर तिथेच टाकणार. घरी काही बोललो नाहीये. बाबा रोज दुपारी डाव्या हाताच्या बोटाने मोबाईलवर माझं विमान कुठे पोचलं ते शोधत बसतात.