मदत हवी आहे: भाचीला अमेरिकेत 'आयआरएस'चा (तिकडच्या आयकर खात्याचा) फोन, पैसे गेले, पुढे काय करायचं?

नमस्कार. मी पुण्यात असतो. भाची डॅलसजवळ एमएस करते, एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर. ताई-भावजींना ती एवढ्यात सांगू नको म्हणते, त्यामुळे धावाधाव माझ्याकडे आली आहे. तिकडच्या करांतलं मला ओ की ठो कळत नाही.

परवा तिला २०२ ने सुरू होणाऱ्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या नंबरवरून फोन आला. बोलणारा पक्का अमेरिकन. बॅज नंबर न विचारता सांगितला, हिचं पूर्ण नाव, विद्यापीठ, पत्ता सगळं त्याच्याकडे. म्हणे तू 'फेडरल स्टुडंट टॅक्स' भरला नाहीस, वॉरंट निघालंय, तासाभरात पोलीस येतील, व्हिसा रद्द होईल. फोन ठेवायचा नाही, कुणाशी बोलायचं नाही. तसंच बोलण्यात अडकवून दुकानात नेलं आणि ५०० डॉलरची दोन गिफ्ट कार्डं घ्यायला लावली. एकाचा नंबर तिने खरवडून वाचून दाखवला. दुसरं खरवडणार तेवढ्यात रूममेट आली आणि तिने फोन हिसकावून बंद केला. देव तिचं भलं करो.

पोरगी हुशार आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे 'एवढं शिकून?' असे प्रतिसाद नकोत. विद्यापीठात ती अर्धवेळ काम करते. गेल्या वर्षीचं रिटर्न तिने मित्राच्या सांगण्यावरून नेहमीच्या सॉफ्टवेअरवर, १०४० फॉर्मने (तिथल्या रहिवाशांच्या) भरलं. मग कुणीतरी म्हणालं, तुम्हा विद्यार्थ्यांना १०४०-एनआर (अनिवासींचा फॉर्म) लागतो. ती धाकधूक मनात होतीच. फोनवाला 'तुझ्या रिटर्नमध्ये गडबड आहे' म्हणाला आणि हिचे हातपाय गळाले.

कार्डाचे पैसे परत मिळतात का? एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर, तिकडचा ओळख क्रमांक) सांगून बसली आहे, त्याचं काय? आणि चुकीच्या फॉर्मपायी खरी आयआरएस मागे लागेल का? हा शेवटचा प्रश्न तिला सगळ्यात जास्त छळतोय. फोन अजून येताहेत, नंबर बदलून बदलून.

खारीबिस्किट (न्यू जर्सी):
आधी कार्ड, बाकी नंतर. कार्डं आणि दुकानाची पावती जपून ठेवायला सांगा. कार्डामागे कंपनीचा नंबर असतो, तिथे लगेच फोन करून 'फसवणूक झाली' असं सांगायचं. चोरांनी रक्कम अजून वापरली नसेल तर गोठवता येते. बहुतेक वेळा वापरलेली असते, पण विचारायला काय जातंय. दुसरं कार्ड न खरवडलेलं आहे ना? ते तिचंच, किराण्याला वापरा.

एसएसएनसाठी इक्विफॅक्स, एक्सपिरियन आणि ट्रान्सयुनियन, या तिन्ही पतनोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीज करायचा, म्हणजे तिच्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढणं अवघड होतं. २०१८ पासून फुकट आहे. शिवाय आयआरएसकडून आयपी पिन घ्या. हा सहा आकडी असतो, तो दिल्याशिवाय तिच्या एसएसएनवर दुसऱ्या कुणाला ई-रिटर्न भरता येत नाही. तक्रार 'टिग्टा'कडे (आयआरएसवर नजर ठेवणारं खातं) आणि एफटीसीकडे (ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणारं सरकारी खातं), दोन्ही ऑनलाइन होतात. २०२ वर जाऊ नका, स्क्रीनवर कुठलाही नंबर उमटवता येतो.

भाऊसाहेब_फॉर्मवाले:
मी सीपीए (तिकडचा सीए) नाही, पण विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या रिटर्नना मदत करतो, म्हणून शेवटच्या प्रश्नावर लिहितो. 'फेडरल स्टुडंट टॅक्स' नावाचा कर अस्तित्वातच नाही. आयआरएसला काही म्हणायचं असेल तर साधारणपणे आधी पोस्टाने पत्र येतं, त्यात मुदत असते, हरकत घ्यायची सोय असते. व्हिसा रद्द करणं त्यांच्या हातात नाही आणि कर गिफ्ट कार्डाने ते कधीच घेत नाहीत. (जुनी थकबाकी असेल तर खासगी वसुली एजन्सी फोन करते हे खरं, पण त्याआधीही पत्रं येतात.) तिने आयआरएसच्या साइटवर स्वतःचं खातं उघडून बाकी किती दिसते ते बघावं.

चुकीचा फॉर्म मात्र खरंच दुरुस्त करायला हवा. १०४०-एक्स (दुरुस्तीचा फॉर्म) भरायचा, सोबत बरोबर भरलेला १०४०-एनआर आणि ८८४३ (विद्यार्थी म्हणून राहत असल्याचं निवेदन). दरवर्षी कितीतरी मुलं हेच करतात, अटक कुणाला होत नाही. भारतीय विद्यार्थ्यांना एक सवलतही आहे. एनआर भरणाऱ्यांना सहसा स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही, पण भारत-अमेरिका कर-करारातल्या २१व्या कलमामुळे आपल्या विद्यार्थ्यांना मिळतं. त्यामुळे अर्धवेळ पगारावर फारसा कर निघत नाही. फक्त १०४० वर एज्युकेशन क्रेडिट (शिक्षणखर्चापोटी करात मिळणारी सूट, जी एनआरवाल्यांना सहसा नसते) घेतलं असेल तर ते परत करावं लागेल. तेवढं तपासा.

घोडबंदरचा_रिक्षावाला:
'पक्का अमेरिकन' वाचून हसू आलं, माफ करा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी आमच्या शेजारी मीरा रोडला कॉल सेंटरांवर धाड घातली, तिथे हाच धंदा चालायचा. आपलीच पोरंपोरी अमेरिकन उच्चार घोटून, हातात लिहिलेली संवादपट्टी घेऊन, आयआरएसचे अधिकारी बनून तिकडच्या लोकांना घाबरवत होती. त्याच महिन्यात अशाच भारतातल्या कॉल सेंटरांवर अमेरिकेत ह्यूस्टनला आरोपपत्र दाखल झालं आणि २०१८ मध्ये त्यात २० वर्षांपर्यंतच्या शिक्षा झाल्या. भाचीला सांगा, उच्चारावर जाऊ नको.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. कार्ड कंपनीला फोन लागला. पहिल्यावर शिल्लक शून्य आहे, तरी केस नंबर दिलाय. तीनही फ्रीज झाले. भाऊसाहेब, तुमची शंका बरोबर निघाली, सॉफ्टवेअरने एज्युकेशन क्रेडिट टाकलंय आणि १००० डॉलर रिफंड आलाय. म्हणजे हे १००० परत करायचे, हे समजलं. पण पैसे १०४०-एक्स सोबतच पाठवायचे की त्यांचं पत्र येईपर्यंत थांबायचं? व्याज लागतं का?