चर्चला जाणं बंद झालंय पण प्रार्थना चालू आहे, याला विश्वास म्हणायचं का?

विक्रोळीची_लेक

सलाम सगळ्यांना. बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. आम्ही मूळचे नगरचे, पणजोबांपासून अमेरिकन मराठी मिशनवाले म्हणजे प्रोटेस्टंट, मी मात्र विक्रोळीतच वाढले, सण्डे स्कूल, क्वायर, नाताळचं नाटक सगळं केलंय. तीन वर्षांपूर्वी पप्पा गेले. शेवटी शेवटी ते अंथरुणालाच होते त्यामुळे मंडळीची म्हणजे आमच्या चर्चची वर्गणी भरायची राहून गेली होती, आणि बॉडी घरात असताना कमिटीतल्या एका माणसाने मला जिन्यात बाजूला घेऊन सांगितलं की आधी बाकी भरा मग दफनाचं पत्र मिळेल. भरले मी पैसे. पाळकसाहेब म्हणजे आमचे पास्टर आले, प्रार्थना केली, सगळं नीट पार पडलं. पण नंतर चर्चमधे आमच्या नेहमीच्या बाकावर जाऊन बसले की डोळ्यासमोर तो जिनाच यायचा. मग एक रविवार चुकला, दोन चुकले, आणि सुटलंच.

प्रार्थना नाही सुटली हो. पप्पांचं बायबल आहे माझ्याकडे, खाकी कव्हर घातलेलं, आत त्यांच्या पेन्सिलच्या खुणा. सकाळी ट्रेनमधे लेडीज डब्यात विक्रोळी ते कुर्ला एक स्तोत्र होतं, कुर्ल्याला गर्दी चढली की पुस्तक पर्समधे आणि मग दादरपर्यंत उभ्या उभ्या डोळे मिटून प्रार्थना. एवढी मनापासून मी चर्चमधे कधीच केली नव्हती हे खरं सांगते.

प्रभुभोजनाची मात्र फार आठवण येते, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमधे भाकर आणि द्राक्षरस घेतो ते. २०२० च्या लॉकडाऊनमधे ईस्टर १२ एप्रिलला होता, सगळी चर्चेस बंद, तेव्हा पप्पांनी पलंगावर बसून बायबलमधलं पहिलं करिंथ ११ वाचलं, त्यात प्रभुभोजनाबद्दल आहे, मम्मीने चपाती केली होती आणि काळ्या मनुका रात्रभर भिजवून कुस्करून रस काढला होता. पप्पांचे हात थरथरत होते, चपाती मोडून त्यांनी आधी मम्मीला दिली. ते खरं प्रभुभोजन होतं की नाही?

आणि परवा माझी मुलगी, अकरा वर्षांची आहे, विचारते, आई आपण अजून ख्रिश्चन आहोत ना? मला पटकन उत्तरच देता आलं नाही.

जुना_भायखळा

ताई सलाम. जिन्यातलं वाचून फार वाईट वाटलं, मीही एका मंडळीच्या कमिटीत खूप वर्षं काढली आहेत, असं कुणालाही बोललं जायला नको.

तुम्ही मिशनचं नाव काढलंत म्हणून सांगतो. हे मिशन मुंबईत १८१३ ला आलं, आणि याच मिशनचे आपले नारायण वामन टिळक, १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पुढे रेव्हरंड झाले, त्यांची गीतं आजही दर रविवारी आपण गातो. त्याच टिळकांनी १९१७ ला मिशनची नोकरी सोडली, पगारावर पाणी सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. १९१९ ला ते वारले त्यामुळे ते काम फार वाढलं नाही. पण त्यांनी ख्रिस्त सोडला असं कुणी म्हणेल का? पंडिता रमाबाईंचंही तसंच, १८८३ ला इंग्लंडमधे बाप्तिस्मा घेतला पण कुठल्याही एका पंथाचा शिक्का लावून घेतला नाही, तिथल्या मठातल्या सिस्टर लोकांशी पत्रातून वाद घातले, आणि केडगावला बसून मूळ हिब्रू ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं.

पण यात एक बघा, टिळकांनी मिशन सोडलं आणि लगेच माणसं गोळा केली. एकटे घरात नाही बसले. लेकीला सांगा, हो, आहोत आपण ख्रिश्चन. बेधडक सांगा.

माहीम_बुधवार

मी कॅथलिक, वसईची, आता माहीमला. आमच्यात रविवारची मिस्सा चुकवणं पापच धरतात आणि कम्युनियन, म्हणजे तुमचं प्रभुभोजन, फादरच्या हातून अर्पण झाल्याशिवाय नाही, त्यामुळे चपातीच्या प्रश्नाला माझं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं येणार. तरी तुमचे पप्पा पलंगावर बसून वाचतायत ते वाचलं आणि डोळे भरून आले. देव त्या खोलीत होता यात मला शंका नाही.

लालबागचा

इथे लिहू का माहीत नाही कारण मी ख्रिश्चन घरातला नाही, आमच्याकडे पंढरीची वारी आहे. बायबलमधलं मत्तयचं पुस्तक हॉस्पिटलमधे बाबांच्या बाजूला बसून रात्री वाचलं, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकलो तो आजतागायत तिथेच आहे. आता नऊ वर्षं झाली, रोज प्रार्थना करतो, येशूलाच करतो. बाप्तिस्मा घेतलेला नाही, घरी आईला काय वाटेल हे एक आणि मला कुठल्या मंडळीत जायचं तेच कळत नाही हे दुसरं. बुधवारी माहीमच्या चर्चमधे नोव्हेनाला, म्हणजे तिथल्या सामूहिक प्रार्थनेला जातो, १९४८ पासून चालू आहे म्हणतात, सगळ्या धर्माची माणसं असतात, मागे उभा राहतो, कोण कुठला कुणी विचारत नाही. पण प्रार्थना संपली की सगळे आपापल्या वाटेने जातात आणि मी पण एकटाच घरी येतो. ताई तुमच्याकडे निदान गीतं माहीत असलेली आई आहे. मला कुणाबरोबर तरी मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणायची फार इच्छा आहे.

रात्रपाळी_सिस्टर

मी थोडं विरोधात बोलते, राग मानू नका. बायबलमधलं इब्री १०:२५, एकत्र जमणं सोडू नका असं सांगणारं वचन, आमच्याकडे चर्च चुकवणाऱ्यांना ओरडायलाच वापरतात, पण पूर्ण वाचा, ज्यांना ते पत्र लिहिलं त्यांची मालमत्ता लुटली गेली होती, काही जण यायचे बंद झाले होते, आणि त्यांना म्हटलंय की एकमेकांना धीर द्या, प्रीतीसाठी उत्तेजन द्या. म्हणजे एकत्र जमायचं ते यासाठी. बिल्डिंग कुठे होती तेव्हा, प्रिस्का आणि अक्विला या नवराबायकोच्या घरातच मंडळी जमायची, रोम १६ मधे आहे.

मी नर्स आहे. रात्री दोन वाजता पेशंट सिरियस होतो तेव्हा ज्याच्या मागे मंडळी आहे त्याच्यासाठी चार माणसं खाली येऊन उभी राहिलेली मी बघते, आणि ज्याचं कुणी नाही त्याचा हात आम्ही धरतो. ट्रेनमधली प्रार्थना सोडू नका पण उद्या तुम्ही आजारी पडलात तर त्या डब्यातल्या कुणाला तुमचं नाव माहीत आहे का? ज्याने दुखावलं तो एक माणूस होता, ते चर्च नको असेल तर दुसरं बघा, नाहीतर घरात दोघं तिघं बोलवा, मत्तय १८:२० ला दोघं तिघं पुरतात.

विक्रोळीची_लेक

सगळ्यांचे आभार. सिस्टर, राग नाही आला, तो नावाचा प्रश्न वाचून मात्र आज ट्रेनमधे पुस्तक उघडलंच नाही, समोर बसणारीला पहिल्यांदा नाव विचारलं. चार वर्षं रोज भेटतो आम्ही. ती पण घाटकोपरला उतरेपर्यंत काहीतरी पुटपुटत असते, हनुमान चालिसा म्हणाली.

मुलीला सांगितलं, हो आहोत. मग ती म्हणे मग आपण गाणी का नाही म्हणत. म्हणून मम्मीशी बोलले, या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्याकडे बसतोय, मम्मी, आम्ही दोघी आणि खालच्या मजल्यावरच्या काकू, त्यांचंही गुडघ्यामुळे चर्च बंद आहे. पेटी पप्पांची आहे, दोन सूर लागत नाहीत, दुरुस्त करून आणते. प्रभुभोजन आत्ता नाही करणार, आधी पाळकसाहेबांना फोन करून विचारेन, त्यांच्यावर माझा राग कधीच नव्हता.

लालबागचे दादा, तुम्ही कुणाला घेऊन आलात तरी चालेल, एकटे आलात तरी. पत्ता मेसेजमधे देते. चपला बाहेर काढायच्या आणि चहा होईल.