'ला नोत्ते' मधला पियानो वाजवणारा कोण? जॉर्जो गास्लिनीबद्दल सांगा ना

कोमलरिषभ:
नमस्कार मंडळी, काल इटालियन दिग्दर्शक अंतोनियोनीचा 'ला नोत्ते' पाहिला, १९६१ चा, मास्त्रोयान्नी आणि जान मोरो आहेत तो. त्यात मिलानच्या एका उद्योगपतीच्या बंगल्यावर रात्रभर पार्टी चालते आणि चौघांचा एक बँड वाजवत असतो, लोक नाचतात, पाऊस आला की स्विमिंग पूलमध्ये उड्या टाकतात आणि पार उजाडलं तरी हे चौघं आपले बागेत वाजवतायत! ते संगीत डोक्यातून जाईना. नावांमध्ये जॉर्जो गास्लिनी दिसलं. हा मुळात जॅझवाला की सिनेमावाला? मी आपलं शास्त्रीय ऐकणारा माणूस, जॅझ अगदी वरवर माहितीये, तर कुठून सुरू करू तेही सांगा.

पियानोवेडा:
अहो तो पियानोवर बसलेला स्वतः गास्लिनीच आहे, आणि सॅक्सोफोनवर एराल्दो व्होलोन्ते. त्याचाच क्वार्टेट घेतला होता अंतोनियोनीने.

जन्म १९२९, मिलान. पोरवयापासून जॅझ वाजवायचा पण नंतर मिलानच्याच कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे संगीत महाविद्यालयात, रीतसर पियानो, कंपोझिशन, कंडक्टिंग सगळं शिकला आणि गंमत अशी की त्याने यातलं एक धरून दुसरं सोडलं नाही. १९५७ मध्ये त्याने आठ वादकांसाठी 'तेम्पो ए रेलात्सिओने' लिहिलं, त्यात शोनबर्ग या पाश्चात्त्य संगीतकाराची बारा स्वरांची पद्धत जॅझमध्ये आणली, म्हणजे बाराही स्वर एका ठरलेल्या क्रमाने घ्यायचे आणि कुठल्याच स्वराला षड्जाचा मान द्यायचा नाही. तुमच्यासारख्या रागदारी ऐकणाऱ्याला हे सुरुवातीला अंगावर येईल, पण ते १९५७ साली जॅझमध्ये करणं ही मोठी हिंमत होती असं मला मनापासून वाटतं.

मग १९६६ चा अल्बम 'नुओव्ही सेंतिमेंती', त्यात जॅझमधले नावाजलेले वादक, डॉन चेरी, स्टीव्ह लेसी, गातो बार्बिएरी, एन्रिको रावा... एका रेकॉर्डवर एवढी माणसं!

मुळा_काठ:
वरच्या प्रतिसादाला +१, पण मला त्याचं संगीतापेक्षाही जास्त भावतं ते म्हणजे तो ते घेऊन कुठे कुठे गेला. १९६८ च्या आसपास इटलीत विद्यार्थी आणि कामगारांची आंदोलनं पेटलेली, तेव्हा हा कारखान्यांत, विद्यापीठांत, मनोरुग्णालयांत जाऊन कार्यक्रम करायचा, आणि लोकांना झेपेल असं काहीतरी सोपं करून नव्हे तर आपलंच अवघड संगीत वाजवायचा. त्याच्या एका रेकॉर्डचं नावच 'फाब्रिका ओक्कुपाता', कामगारांनी ताब्यात घेतलेला कारखाना. १९७० मध्ये अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स याच्यावर 'कोल्लोक्वियो कोन माल्कम एक्स' केलं. नंतर 'मुझिका तोताले' म्हणून पुस्तक लिहिलं, म्हणणं एवढंच की जॅझ, अभिजात, लोकसंगीत ही कुंपणं कशाला हवीत.

आणि शिकवणं विसरू नका. रोमच्या सांता चेचिलिया कॉन्झर्व्हेटरीत १९७२ ला त्याने जॅझचा वर्ग सुरू केला, तोवर तिथल्या सरकारी संगीतशिक्षणात जॅझला कोणी दारात उभं करत नव्हतं. मास्सिमो उर्बानी त्याच वर्गातला, सॅक्सोफोन वाजवणारा, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचा पोरगा. पुढे मिलानमध्येही वर्ग चालवला.

कोमलरिषभ:
वा, भरभरून लिहिलंत दोघांनीही, आभार! पण ऐकायला आधी काय घेऊ? बारा स्वरांचं एकदम नको.

पियानोवेडा:
मग एकट्या पियानोचं घ्या. 'गास्लिनी प्लेज मंक' आहे १९८१ चा, जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकच्या रचना, लय पकडायला छान. आणि दुसरं म्हणजे 'एलर्स विंग्ज', हे तर शास्त्रीय ऐकणाऱ्याने ऐकायलाच हवं. अल्बर्ट एलर हा जॅझवाला सॅक्सोफोनवर अक्षरशः टाहो फोडायचा, सूर ताणायचा, थरथरवायचा, आणि पियानोवर तर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघतच नाही, आपल्या पेटीचं जे दुखणं तेच. तरी गास्लिनीने फक्त एलरच्या रचना घेऊन एकट्याने अख्खी रेकॉर्ड केली. ज्या धून सॅक्सच्या गदारोळात लपलेल्या असतात त्या इथे साध्या गाण्यासारख्या, लहान मुलांच्या गाण्यासारख्या समोर येतात, आणि मग डाव्या हाताने तो हळूहळू त्यांच्याखालची जमीन काढून घेतो. हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर डावा हात कळणारच नाही.

मुळा_काठ:
सिनेमाच आवडत असेल तर दारिओ अर्जेंतोचा 'प्रोफोंदो रोस्सो' पण बघा, १९७५. लोकांना त्यातलं गोब्लिन बँडचं संगीत आठवतं पण आधी काम गास्लिनीकडे होतं, दिग्दर्शकाशी जमलं नाही म्हणून बँड आणला. ते लहान मुलाच्या आवाजातलं अंगाईसारखं गाणं आहे ना, अंगावर काटा येतो ते, ते मात्र गास्लिनीचंच. भयपट आहे हां, घरात पोरं झोपल्यावर लावा.

गास्लिनी २०१४ च्या जुलैमध्ये गेला, ८४ वर्षांचा होऊन.