बहिणीच्या सासरी आयर्लंडच्या खेड्यात सुट्टी काढायला बोलावलंय, आईबाबांना न्यावं का?

होटगीरोडवाली:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. माझी धाकटी बहीण डब्लिनला नर्स आहे, लग्न पण तिथंच केलं, आमचे जावई आयरिश, माणूस एकदम चांगला, आईनं पाठवलेली शेंगाचटणी नुसती चमच्यानं खातो. तिचं रोजचं बघितलं तर इथल्यापेक्षा फार काय वेगळं नाही, बारा-बारा तासांची ड्युटी, पोरीला क्रेशमध्ये सोडायची पळापळ, अर्धा पगार घरभाड्यात, सुट्टीच्या दिवशी आठवडाभराच्या पोळ्या लाटून फ्रीजरमध्ये टाकायच्या. परदेश परदेश म्हणतेत ते हेच काय की. पण दरवर्षी ऑगस्टात ती, जावई, सासूसासरे, नणंदा, त्यांची पोरं असं सगळं खटलं पश्चिमेला मेयो नावाचा जिल्हा आहे तिकडं जावयांच्या आजोबांच्या घरी पंधरवडाभर जातं. आजोबा आता नाहीत, चुलते आहेत, मेंढ्या आहेत, घर जुनं आहे. यंदा तिनं आम्हाला सगळ्यांनाच बोलावलंय, आईबाबा, मी, हे आणि दोन्ही पोरं.

आता अडलंय ते बाबांपाशी. ते म्हणतेत एवढे लाखभर रुपये माणशी घालून खेडं बघायला कशाला जायचं, खेडं आपलं मोहोळ तालुक्यात आहे की, तिथं तर तू पोरांना कधी नेत नाहीस. जायचंच तर लंडन-पॅरिस करून येऊ, दोन दिवस पोरीकडं राहू. आईला यायचंय पण ती शाकाहारी, गुडघे दुखतेत, आणि टीव्हीवर तिकडं भारतीयांना मारहाण झाल्याच्या बातम्या बघितल्यापासून घाबरलीय. मला स्वतःला कळंना की त्या खेड्यात इतके दिवस करायचं तरी काय. कोणी राहिलंय का तसल्या ठिकाणी? खरं खरं सांगा.

बार्शीकर_गॉलवे:
ताई, मी बार्शीची, गेली बरीच वर्षं गॉलवेत आहे, मेयो आमच्या शेजारचा जिल्हा, नवऱ्याचं आजोळ तिकडचंच. आधी एक डोक्यातनं काढून टाका की ही ट्रिप आहे. त्यांच्यासाठी ते गावाकडं जाणं आहे, आणि गावाकडं गेल्यावर कामं असतात. बॉगमधनं टर्फ आणायचं असतं, म्हणजे दलदलीच्या जमिनीतनं काढलेलं जळण, काळ्या विटेसारखं दिसतं. मे-जूनमध्ये कापून पसरतात, थोडं वाळलं की चार-पाच तुकडे एकमेकांना टेकवून उभे करतात म्हणजे वारा लागतो, आणि नीट वाळलं की ट्रेलरमधनं घरी आणून शेडमध्ये रचायचं. 2022 पासून विक्रीवर बंधनं आलीत पण ज्यांचा पिढीजात हक्क आहे ते घरापुरतं काढतात. पाहुणा असो जावई असो, उन्हाचा दिवस उगवला की सगळ्यांना बॉगवर नेतात, तुमच्या पोरांना पण नेतील आणि पोरं संध्याकाळी काळीकुट्ट होऊन परत येतील. चिखलाचे बूट तिथं प्रत्येक घराच्या दाराशी सगळ्या मापांचे पडलेले असतात, विकत घेऊ नका.

थंडी म्हणाल तर ऑगस्टात दिवसा 17-18 डिग्री, आपल्या सोलापूरच्या मे महिन्यातनं कोणी थेट तिथं उतरलं तर हुडहुडी भरेल. पाऊस कधीही. जुन्या घरांच्या भिंती जाड, आत गारठा, तेव्हा दोन सोलापुरी चादरी जादा आणा, एक अंगावर घ्यायला एक चुलत्यांना द्यायला, ते जन्मभर नाव काढतील. अंघोळीच्या गरम पाण्याचं बटण वेगळं असतं, त्याला इमर्शन म्हणतात, ते चालू ठेवून विसरलात तर घरातली म्हातारी माणसं जे बोलतात ते ऐकण्यासारखं असतं! एक टमरेल सोबत ठेवा, का ते सांगायला नको.

अंधार उशिरा पडतो, ऑगस्टच्या सुरुवातीला साडेनऊला सूर्य मावळतो, पोरं झोपायला तयार नसतात. शेजारी कोणाकडं गेलं की चहा होतोच, दूध घातलेला कडक चहा, आपल्या माणसाला चालतो, फक्त साखर वरनं घ्यायची. पहिल्यांदा नको म्हटलं की ते परत विचारतात, परत नको म्हटलं की परत, आईला हे सगळं ओळखीचंच वाटेल. अरुंद रस्त्यावर समोरनं येणारी गाडी एक बोट स्टिअरिंगवरनं उचलते, तुम्हाला ओळखत नसली तरी. तुम्ही पण उचला.

आणि फुटबॉलबद्दल जपून बोला, म्हणजे त्यांचं स्वतःचं गेलिक फुटबॉल. मेयोनं ऑल आयर्लंड, म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांमधली देशाची स्पर्धा, शेवटची जिंकली ती 1951 ला, त्यानंतर कितीतरी वेळा फायनलला जाऊन हरलेत, 2021 ला पण हरले. त्याला शाप आहे म्हणणारे पण आहेत. तुमचे मिस्टर जर गमतीनं काय बोलले तर चुलते हसतील पण आतनं लागेल.

सातरस्ता_सिग्नल:
मी उलट सांगतो, राग नको. साडू केरी जिल्ह्यात राहतो, तिकडंच आयर्लंडात, त्याच्याकडं गेलतो आईला घेऊन. निसर्ग वगैरे झकास आहे, वादच नाही, पण तिसऱ्या दिवशी आई खिडकीत बसून मेंढ्या मोजायला लागली. दुकानाला जायचं तर गाडी, देवळाचा प्रश्नच नाही, बोलायला माणूस नाही, जे आहेत त्यांचं इंग्रजी मला कळंना तर तिला काय कळणार बे. लोकल लिंक म्हणून बारक्या बस आहेत पण आपल्या वेळेला असतील तर ना. शाकाहारी माणसाचे हाल वेगळेच, व्हेजिटेबल सूप म्हणून समोर येतं त्यात चिकनचं पाणी असू शकतं, जेलीत जिलेटिन, काही ठिकाणी चिप्स बीफच्या चरबीत तळतेत, दर वेळेला विचारायला लागतं. बाबांचं मला तरी पटतंय. चार दिवस गावी, बाकी फिरा.

बार्शीकर_गॉलवे:
सातरस्ता, खाण्याचं खरं आहे, बाहेर विचारूनच खायचं. पण घरी चूल त्यांच्या पोरीच्या हातात असणार की. बटाटा, कोबी, गाजर, ब्राऊन ब्रेड, लोणी, स्कोन, उपाशी कोणी राहत नाही. ताई, एक लक्षात ठेवा, युरोपियन युनियनबाहेरनं दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे तूप, पेढे, खव्याचं काही बॅगेत भरू नका, कडीपत्ता आणि ताजी भाजी पण नको. शेंगाचटणी, कडक भाकरी, ज्वारीचं पीठ बिनधास्त आणा. कडक भाकरी तर त्यांच्या सूपबरोबर काय लागते म्हणून सांगू.

करायचं काय म्हणाल तर कॅसलबारजवळ टरलोला नॅशनल म्युझियमची एक शाखा आहे, खेड्यातल्या जगण्यावरची, फुकट आहे, विणलेल्या टोपल्या, नांगर, चरखे, शेतकऱ्याच्या घरातली भांडीकुंडी. बाबा तिथनं लवकर निघणार नाहीत. उत्तरेला केजा फील्ड्स (Céide Fields) म्हणून आहे, दलदलीखाली गाडली गेलेली पाच हजार वर्षांपूर्वीच्या शेतांची दगडी बांधबंदिस्ती, एका शाळामास्तराला 1930 च्या दशकात टर्फ काढताना दगडांच्या ओळी लागल्या म्हणून शोध लागला. आणि क्रोग पॅट्रिकचा डोंगर, 764 मीटर, जुलैच्या शेवटच्या रविवारी सेंट पॅट्रिकच्या यात्रेला हजारो माणसं चढतात, काही अनवाणी. ऑगस्टच्या आधी आठवडाभर पोचलात तर बघायला मिळेल. आईनं पायथ्याला बसून बघावं, वर निसरडे दगड आहेत, गुडघ्यांना झेपणार नाही. पंढरीची वारी बघितलेल्या माणसाला तिथं काय चाललंय ते समजावून सांगावं लागत नाही.

बातम्यांचं म्हणाल तर 2025 च्या उन्हाळ्यात डब्लिनात वाईट प्रकार झाले, खोटं नाही, भारतीय वकिलातीनं सूचना पण काढली होती की सुनसान जागी आणि अवेळी एकटं जाऊ नका. ते पाळावं. खेड्यात मात्र तुम्ही अमक्याच्या घरचे पाहुणे म्हणून आख्ख्या गावाला आदल्या दिवशीच माहीत असतं.

व्हिसावाला_अण्णा:
पॅरिसचं आधी विसरा, आयर्लंड शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसात, नाही, पॅरिसला दुसरा व्हिसा, दुसरी फाईल, दुसरा खर्च. लंडन जमू शकतं, भारतीय पासपोर्टवर ब्रिटिश-आयरिश व्हिसा स्कीम आहे, त्या शिक्क्याचा आयरिश व्हिसा असला तर त्याच्यावर यूके पण करता येतं, आधी आयर्लंडमध्ये उतरायचं. स्कीमचा शिक्का नसला आणि मेयोतनं फिरत फिरत उत्तर आयर्लंडात डेरी-बेलफास्टला गेलात तर ते यूके लागतं, सीमेवर कोणी अडवत नाही पण व्हिसा लागतोच, जावई म्हणतील काय होत नाही, ऐकू नका. अर्ज ऑनलाईन, प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो, लगेच करा. बहिणीचं निमंत्रणपत्र, तिचे बँक स्टेटमेंट, नातं दाखवणारे जन्मदाखले, आणि आईबाबा परत येणार याचे पुरावे, पेन्शनचे कागद, घर, शेती. सातबारा जोडत असाल तर त्याचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा, नुसता मराठी उतारा चालत नाही. भारतातनं थेट विमान नाही, दुबई, अबूधाबी नाहीतर दोहा करून जायचं. डब्लिन ते वेस्टपोर्ट रेल्वे आहे, तीन-सव्वातीन तास, आईला गाडीपेक्षा बरं पडेल.

जुनी_मिल_पेन्शनर:
मी कधी गेलेलो नाही, तरी बोलतो. तुमच्या बाबांना हेळव्याची आठवण करून द्या. आमच्या लहानपणी सुगीनंतर हेळवी यायचा, बैलावर बसून, आणि दारात उभं राहून खापरपणजोबापासनं नावं म्हणायचा, ज्वारी घेऊन पुढं. त्या लोकांकडं हेळवी नाही म्हणून ते कागदात शोधतात. त्यांची 1901 आणि 1911 ची जनगणना सरकारनं इंटरनेटवर फुकट ठेवलीय, घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, वाचता येतं का, घराला पुढनं खिडक्या किती, सगळं. त्याच्या आधीचं बरंचसं 1922 ला डब्लिनच्या दप्तरखान्याला आग लागली त्यात गेलं. माझा नातू दाखवत होता, मी दुपारभर बसून अनोळखी माणसांची कुटुंबं वाचत होतो.

आणि दुष्काळ. 1845 ला बटाट्यावर रोग पडला, पुढची सहा-सात वर्षं तेच, दहा लाखाच्या आसपास माणूस मेला आणि तेवढाच देश सोडून गेला, पश्चिमेकडं सगळ्यात वाईट हाल, मेयो त्यातच. धान्य मात्र बाहेर जात होतं. आपल्या जिल्ह्यानं 1876 चा बघितलाय, 72 चा तर तुमच्या बाबांनी स्वतः बघितला असेल, खडी फोडायची कामं, सुकडी. तिकडं पण दुष्काळात उपाशी माणसांकडनं रस्ते करून घेतले होते. दोन म्हाताऱ्यांना बोलायला एवढं पुष्कळ आहे, इंग्रजी मोडकं असलं तरी.

होटगीरोडवाली:
सगळ्यांचे आभार, मी रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. पॅरिस रद्द. 72 चं ऐकल्यावर ते जरा गप्प बसले, मग म्हणाले चुलत्यांची जमीन किती आणि वाटण्या झाल्या का ते विचार. आता हे मी कुणाला विचारू! पण खरंच, घर एकट्या चुलत्यांकडं आहे तर सगळ्यांची पोरंबाळं तिथं हक्कानं कशी येतेत? आमच्याकडं वाटणीपासनं दोन काका एकमेकांच्या दारात जात नाहीत.

बार्शीकर_गॉलवे:
हाच तर खरा मुद्दा आहे ताई, आणि मला पण तो उशिरा नवऱ्याच्या आत्यानं सांगितला. दुष्काळाच्या आधी ते लोक पण जमिनीचे तुकडे करायचे, प्रत्येक पोराला एकेक, शेवटी बटाट्याशिवाय दुसरं काय पिकवून पोट भरेना इतके बारके तुकडे. दुष्काळानंतर रीत बदलली, जमीन एकाच पोराला, एखाद्या पोरीला हुंडा, बाकीच्यांनी जहाज धरायचं, इंग्लंड नाहीतर अमेरिका. तुमच्या जावयांचे चुलते म्हणजे मागं राहिलेला तो एक. बाकीचे सगळे गेलेल्यांचे. हिस्सा कुणाला नाही म्हणून भांडण पण फारसं नाही, निदान उघड नाही, आतल्या आत काय असेल ते असेल, आत्याच्या आवाजात मला थोडं जाणवलं. जो राहिला त्याच्या वाट्याला आईबापाचं म्हातारपण आलं, त्याचं लग्न पण बरेचदा उशिरा नाहीतर झालंच नाही. ते चुलते एकटेच आहेत का बघा, बहुतेक असतील. म्हणून ऑगस्टात सगळे तिथं जातात, टर्फ भरतात, कुंपण दुरुस्त करतात, छपराचं बघतात, आणि म्हाताऱ्याला वर्षभर पुरेल एवढं बोलून घेतात.

होटगीरोडवाली:
एकटेच आहेत हो. बहिणीला आत्ता मेसेज करून विचारलं. बाबा म्हणतेत मग त्यांना धोतरजोडी नेऊ का टॉवेल.

बार्शीकर_गॉलवे:
टॉवेल न्या, सोलापुरी, मोठे. आणि बाबांना विमानात बसायच्या आधी बजावून ठेवा, तिथं शेतकऱ्याला किती एकर आणि किती मेंढ्या हे तोंडावर विचारत नाहीत, म्हणजे बँकेत किती आहेत असं विचारल्यासारखं होतं. पाऊसपाण्याचं विचारा, गवताचं विचारा. चार-पाच दिवसांनी बांधावर फिरता फिरता ते स्वतःच हात करून दाखवतील कुठनं कुठपर्यंत आहे ते, बाबांनी मनातल्या मनात एकर काढावेत.