अनुदान सरकारचं घ्यायचं आणि गेटवर वय विचारायचं?

वाळूज_टर्नर
परवा इथेच एकांनी लिहिलं की मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतली 18 ते 35 ची अट रास्तच आहे, पस्तिशीनंतर माणसाचा हात वळत नाही, आणि कारखानदाराने सवलत घेतली म्हणून कोणाला कामावर घ्यावं हे सरकारने त्याला सांगू नये. वाचून तळपायाची आग मस्तकात गेली.

हात वळत नाही? मी आयटीआय केला तो साध्या लेथवर. आमच्या शॉपमध्ये संगणकावर चालणारं सीएनसी मशीन आलं तेव्हा चाळिशी उलटली होती. प्रोग्राम वाचायला, ऑफसेट म्हणजे हत्याराच्या मापाची दुरुस्ती द्यायला, आवाजावरून इन्सर्ट म्हणजे कापणारं पातं संपलंय हे ओळखायला तेव्हा शिकलो. ती कंपनी बंद पडल्यावर दुसरीकडे गेलो, तर सिक्युरिटी केबिनमध्येच जन्मतारीख विचारली आणि 'फॉर्म ठेवून जा' म्हणाले. मशीनपाशी कोणी नेलंच नाही.

2024 पासून या योजनेत कंपनीत काम शिकणाऱ्या बारावीवाल्याला महिना 6 हजार, आयटीआय-डिप्लोमाला 8 हजार, पदवीधराला 10 हजार सरकार थेट खात्यात टाकतं. कंपनीला तरणा माणूस बिनपगारी मिळतो, माझा पगार मात्र तिच्या खिशातून जाणार. मग ती मला कशाला घेईल? वर कारखानदारांसाठीच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेतून वीज शुल्क माफ, मुद्रांक शुल्क माफ, जीएसटीचा परतावा. तो पैसा काय फक्त पस्तिशीच्या आतल्यांनी भरलाय? सवलत घेणाऱ्याने जाहिरातीत वय लिहू नये आणि मशीनवर ट्रायल पीस म्हणजे चाचणीचा नग काढायला लावल्याशिवाय कोणाला परत पाठवू नये. एवढीच मागणी आहे.

भोसरी_जॉबवर्क
सवलत, सवलत! आमचं शेड ए गटात, म्हणजे सवलत सगळ्यात कमी असलेल्या विकसित भागात आहे, त्या परताव्यातलं आमच्या ताटात काय पडतं ते येऊन बघा. मोठ्यांच्या सवलतींचा राग आमच्यावर काढू नका. पन्नाशीच्या माणसाला रात्रपाळी नको असते, पगार मात्र जुन्या कंपनीइतका हवा असतो. पार्टीचं पेमेंट नव्वद दिवसांनी येतं. अजून एक अट टाकलीत तर शटर ओढतो, मग बसा सगळेच घरी.

एडिसनकर
अमेरिकेत हा प्रश्न 1975 मध्येच सुटला. सरकारी मदत घेणाऱ्याला वयावरून भेदभाव करता येत नाही, असा कायदाच आहे. लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या सरकारी संस्थेनेही आपले नियम त्याप्रमाणे केलेत. कर्ज घ्या, अट पाळा. आपल्याकडे कोणाला इच्छाच नाही.

कामगार_वकील_नागपूर
अर्धवट माहिती देऊ नका. 1975 चा तो कायदा मदतीतून चालणाऱ्या सेवा आणि कार्यक्रमांसाठी आहे, म्हणजे ग्राहक आणि लाभार्थी यांच्यासाठी. नोकरीचे व्यवहार त्यातून बहुतांशी वगळलेत. नोकरीसाठी तिथे 1967 चा वेगळा कायदा आहे. तो चाळिशी गाठलेल्यांना आणि 20 किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो, मदत घेतली असो वा नसो. त्यातही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 2009 च्या निकालाने सगळा भार कामगारावर टाकला. वय नसतं आडवं आलं तर नोकरी गेलीच नसती, हे त्याने सिद्ध करायचं.

आपल्याकडे तेवढंही नाही. राज्यघटनेच्या कलम 15 आणि 16 मध्ये धर्म, जात, लिंग, जन्मस्थान आहे, वय नाही. कपातीच्या वेळी 'शेवटी आला तो आधी जाईल' हे तत्त्व जुन्या कामगाराला थोडं वाचवतं, पण नव्याने दारात उभ्या असलेल्याला त्याचा काय उपयोग? तरी सवलतीला अट जोडता येत नाही हे खोटं. 2008 च्या शासन निर्णयाने सवलत घेणाऱ्या उद्योगांना 80 टक्के स्थानिक माणसं घ्यायला सांगितलंच आहे, पर्यवेक्षकांत 50 टक्के. स्थानिकाची अट चालते, तर वयाचीही चालेल.

एडिसनकर
ठीक आहे, नोकरी वगळलीय. पण चाळिशीनंतरचं संरक्षण आहे ना? माझा मुद्दा कायम.

खानदेशी_पोर
80 टक्के?? ती अट पाळली जाते असं वाटतंय का तुम्हाला? आमच्या गावाची जमीन एमआयडीसीत गेली. गेटवर ठेकेदार सांगतो, गाववाला नको, गाववाला युनियन करतो. अट कागदावर, माणसं ठेकेदाराची.

भोसरी_जॉबवर्क
आणि गाववाला पेरणीला गेला की तीन आठवडे फोन उचलत नाही, ते कोण लिहिणार? मशीन कोणी चालवायची?

खानदेशी_पोर
जमीन घेताना पेरणी दिसली नव्हती का? आमच्या बापाच्या शेतावर शेड उभारायची आणि वर आम्हालाच आळशी म्हणायचं. तोंड सांभाळून बोला.

भोसरी_जॉबवर्क
आळशी कोणी म्हटलं? मी स्वतः साताऱ्याहून एसटीने आलेला माणूस आहे, शेडमध्येच झोपून दिवस काढलेत. मला शिकवू नका.

पेन्शनर_इचलकरंजी
तुम्ही स्थानिक-परका करत बसा. प्रॉव्हिडंट फंडातल्या ईपीएस-95 या पेन्शन योजनेची किमान पेन्शन 2014 पासून 1000 रुपयांवर अडकलीय. पंचेचाळिशीत काम सुटलं की फंडाची वर्षं थांबतात आणि पेन्शन तिथेच ठेचली जाते. वयाची अट म्हणजे नुसती आजची भाकरी जात नाही, म्हातारपणचीही जाते.

सांगलीची_ताई
आणि बायकांचं? मुलं मोठी झाल्यावर पस्तिशीनंतरच तर मोकळ्या होतो आम्ही. त्याच वर्षी योजनेची वयाची मर्यादा संपते. धाकटी जाऊ तिशीची, तिला प्रशिक्षण मिळालं. मी तिच्याआधी शिलाई शिकले, तरी मला अर्जही भरता आला नाही.

भोसरी_जॉबवर्क
ताई, तुमचं पटतं. योजनेची वरची मर्यादा उठवा, माझी ना नाही. आणि टर्नरभाऊ, माझ्याकडचा सगळ्यात भरवशाचा माणूस 57 चा आहे. त्याने काढलेला नग रिजेक्ट होत नाही, हे मान्य करतो. म्हणून सरकारने माझ्या गेटवर इन्स्पेक्टर बसवावा, हे मान्य नाही. तो वय बघायला येईल आणि पाकीट घेऊन जाईल.

वाळूज_टर्नर
इन्स्पेक्टर कोणी मागितला? परताव्याचा अर्ज भरता तेव्हा त्याला भरतीची जाहिरात जोडा. वय लिहिलेलं दिसलं तर त्या वर्षीचा परतावा थांबवा. गेटवर कोणी यायची गरजच नाही. आणि तुम्हाला परतावा मिळत नाही म्हणता, मग ही अट तुम्हाला लागतच नाही. तुम्ही कोणासाठी भांडताय?

खानदेशी_पोर
त्याच अर्जाला ठेकेदाराच्या माणसांची यादीही जोडा, गावाच्या नावासकट.

भोसरी_जॉबवर्क
झालं, एका अटीच्या दोन झाल्या.